बसल्या जागी शुद्ध हरपली तेव्हा: हृदयाच्या तपासण्यांचा सांगली-मिरजेतला अनुभव

आमचे सासरे, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, ७४ वर्षांचे. तासगाव तालुक्यात द्राक्षबाग. रक्तदाबाची एक गोळी, प्रोस्टेटची एक गोळी आणि काचबिंदूचे थेंब एवढंच औषध. गेल्या वर्षी ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात त्यांच्या बेशुद्धीचं कारण शोधण्यात आम्ही सगळे गुंतलो होतो. मी बरीच वर्षं आयसीयूत सिस्टर म्हणून काम केलंय, त्यामुळे मॉनिटर आणि ईसीजीच्या पट्ट्या ओळखीच्या होत्या. तरी बाहेरून, नातेवाईक म्हणून हा रस्ता चालताना किती ठिकाणी अडकायला होतं ते कळलं. अशाच फेऱ्यात असलेल्यांसाठी सगळं क्रमाने लिहिते.

पहिल्यांदा घडलं ४ ऑगस्ट २०२५ ला. श्रावणी सोमवार, अण्णांचा उपास. अंगणात उभे होते, खाली बसले की कोसळले ते कुणालाच नीट दिसलं नाही. अर्ध्या मिनिटात उठले आणि म्हणाले, "पाय घसरला असेल." गावातल्या डॉक्टरांनी साखर बघितली, ११२ आली. एक सलाइन लावलं. उपास, ऊन, वय या तीन गोष्टींवर विषय संपला.

वयस्कर माणसांच्या बाबतीत हे फार ठिकाणी घडतं. शुद्ध गेली होती हेच त्यांना नंतर आठवत नाही. मधले काही सेकंद पुसले जातात आणि मन आपोआप कारण जुळवतं: घसरलो, अडखळलो, तोल गेला. म्हणून एकट्याने पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला नुसतं "कसे पडलात?" विचारून भागत नाही. पडताना हात टेकले होते का, ते विचारावं. घसरणारा माणूस बहुधा हात पुढे करतो. हात न टेकता थेट तोंडावर, भुवईवर मार बसला असेल, तर शुद्ध आधीच गेली असण्याचा संशय घ्यावा.

दुसरी वेळ १७ सप्टेंबरची. सकाळचे साडेनऊ, नाश्ता होऊन गेलेला, अण्णा ओसरीवर खुर्चीत पेपर वाचत बसलेले. माझी मुलगी समोरच होती म्हणून तिने सगळं पाहिलं. बोलता बोलता मान एका बाजूला कलली, चेहरा पांढराफटक पडला, पेपर हातातून सुटला आणि ते खुर्चीतून पुढे कलंडले. हाताला दोन-तीन झटके आले. दहा-पंधरा सेकंदांत डोळे उघडले, चेहरा एकदम लालसर झाला आणि लगेच "काय झालं?" असं स्पष्ट विचारलं. भुवई फुटली होती, टाके पडले.

अशा वेळी घरच्यांनी काय करावं? माणसाला आडवं करायचं, पाय उशीवर किंवा खुर्चीवर उंच ठेवायचे. उठवून बसवायचं नाही, तोंडात पाणी घालायचं नाही. कांदा, चप्पल नाकाला लावण्यात वेळ घालवायचा नाही. श्वास चालू आहे का ते बघायचं आणि मनगटाची किंवा गळ्याची नाडी मोजायची. श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करायची आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा.

त्याच दुपारी मुलीला बसवून मी तिने पाहिलेलं वहीच्या पानावर उतरवलं. हे पान पुढे प्रत्येक डॉक्टरांनी मागितलं आणि प्रत्येकाने ते रिपोर्टच्या आधी वाचलं. त्यात एवढ्या गोष्टी होत्या: कोणत्या स्थितीत होते (उभे, बसलेले, झोपलेले, चालताना), आधी काही जाणवलं का (घाम, मळमळ, डोळ्यापुढे अंधारी, छातीत धडधड, दुखणं), चेहऱ्याचा रंग, किती सेकंद, झटके कधी आणि किती, जीभ चावली का, लघवी झाली का, शुद्धीवर आल्यावर लगेच ओळखलं का.

झटके दिसले की सगळे फिट म्हणतात. पण मेंदूला रक्त कमी पडलं तरी काही सेकंद झटके येतात. फिटमध्ये झटके जास्त वेळ चालतात, जिभेची कड चावली जाते आणि नंतर माणूस बराच वेळ गोंधळलेला, झोपाळू राहतो. अण्णांच्या बाबतीत आधी काहीच सूचना नाही, बसल्या जागी, अगदी थोडा वेळ, आणि लगेच लख्ख शुद्ध. हे वर्णन हृदयाच्या ठोक्यांकडे बोट दाखवतं. चालताना किंवा कष्टाचं काम करताना शुद्ध जाणं, आडवं पडलेलं असताना जाणं, आधी धडधड होणं, घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणं, यातलं काहीही असेल तरी थांबू नये. उलट बराच वेळ उभं राहिल्यावर, घाम-मळमळ होऊन, रक्त किंवा इंजेक्शन बघून येणारी भोवळ बहुतेक वेळा साधी असते.

१८ सप्टेंबरला सांगलीत एका एमडी डॉक्टरांकडे गेलो. जाताना मी सगळी औषधं एका पिशवीत घातली: गोळ्यांची पाकिटं, डोळ्यांचे थेंब, एका वैद्यांकडचं चूर्णसुद्धा. नुसती नावं सांगण्यापेक्षा पिशवीच पुढे ठेवावी. डॉक्टरांनी हात घातला तो नेमका थेंबांच्या बाटलीला. काचबिंदूसाठीचे टिमोलॉलचे थेंब डोळ्यातून नाकात उतरून रक्तात शोषले जातात आणि हृदयाचे ठोके मंद करू शकतात. "औषधं काय घेता?" या प्रश्नाला उत्तर देताना थेंब कुणी मोजतच नाही. त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली आणि थेंब बदलून मिळाले. ते मनाने बंद करायचे नाहीत, नाहीतर काचबिंदू वाढून नजर जाऊ शकते. रक्तदाब-हृदयासाठीच्या मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन या गोळ्या आणि विसराळूपणासाठी दिली जाणारी डोनेपेझिल यांनीही ठोके मंदावतात. प्रोस्टेटच्या गोळ्या आणि लघवी जास्त होण्याच्या गोळ्या उभं राहिल्यावर रक्तदाब खाली आणतात.

मग झोपवून आणि उभं करून रक्तदाब. ही तपासणी फुकटची आहे आणि घाईच्या ओपीडीत हमखास राहून जाते, म्हणून स्वतःहून मागा. पाच मिनिटं आडवं झोपवायचं, रक्तदाब घ्यायचा, उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्यायचा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर उभं राहिल्यावर रक्तदाब पडतो असं धरतात. अण्णांचा झोपून १३८/८०, तीन मिनिटांनी १२४/७६. म्हणजे कारण हे नव्हतं, आणि ते तर बसलेले असताना पडले होते.

ईसीजीत मात्र सापडलं. हृदयातल्या विजेच्या वाटेत उजव्या बाजूचा ब्लॉक (अडथळा), म्हणजे आरबीबीबी, आणि जोडीला डाव्या तारेच्या पुढच्या फांदीचाही ब्लॉक. वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यांकडे विजेचा संदेश नेणाऱ्या मुख्य वाटा तीन. त्यांतल्या दोन बंद, ठोके एका वाटेवर चाललेले. डॉक्टरांनी आमच्या भागातल्या माणसाला पटकन कळेल असं सांगितलं: "मोटरच्या तीन फेजपैकी दोन गेलेत. तिसरा मधूनच जात असेल, तेव्हा हे पडतात." नाडी ६४ होती आणि सगळं ठीक दिसत होतं. शुद्ध हरपण्याच्या दोन वेळांच्या मधल्या काळात असंच दिसतं.

त्यांनी घरी सोडलं नाही. ब्लॉक दिसतोय, बसल्या जागी शुद्ध गेलीय, अशा रुग्णाला मॉनिटरवर ठेवायचं असतं. १८ ते २० सप्टेंबर आयसीयूत दोन रात्री. हिमोग्लोबिन, सोडियम, पोटॅशियम, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, थायरॉइड तपासलं. पोटॅशियम वाढलं तरी हृदयाचे ब्लॉक होतात, म्हणून ते बघणं गरजेचं. सगळं व्यवस्थित आलं. २डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तिथेच झाली. त्यात दोन गोष्टी बघायच्या असतात: हृदय किती जोराने पंप करतं आणि महाधमनीची झडप अरुंद झालीय का. अण्णांचं पंपिंग ६० टक्के, झडप थोडी जाड पण उघडण्यात अडचण नाही. पंपिंग ३५ टक्के किंवा त्याखाली असतं तर सगळा विचारच बदलतो. मग अतिवेगाच्या धोकादायक ठोक्यांची भीती असते आणि मंद ठोक्यांना आधार देणाऱ्या साध्या पेसमेकरऐवजी शॉक देणाऱ्या यंत्राचा विचार होतो. झडप फार अरुंद असेल तर कष्टाच्या कामात शुद्ध जाते आणि उपाय झडपेवर करावा लागतो.

द्राक्षाच्या मांडवाखाली मान वर करून काम चालतं, म्हणून डॉक्टरांनी एक प्रश्न मुद्दाम विचारला: "मान वर केल्यावर, वळवल्यावर, दाढी करताना कधी अंधारी आली का?" गळ्यातल्या धमनीजवळ दाबाला जास्त संवेदनशील असलेल्या काही वयस्कर माणसांचे ठोके मान वळवल्यावर किंवा घट्ट कॉलरने थांबतात. ते तपासायला मॉनिटर लावून गळ्याच्या एका बाजूला ५ ते १० सेकंद चोळतात, मग दुसऱ्या बाजूला. आधी स्टेथोस्कोप लावून धमनीत आवाज नाही ना ते ऐकतात आणि नुकताच लकवा येऊन गेलेल्यांना ही तपासणी करत नाहीत. घरी कुणी करून बघायची नाही. तीन सेकंदांपेक्षा जास्त ठोका थांबला तर महत्त्वाचं. अण्णांचा थांबला नाही.

भेटायला आलेले बरेच जण मेंदूचा एमआरआय, गळ्याचा डॉप्लर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) करा म्हणत होते. हात-पाय लुळे पडणं, बोबडी वळणं असं काही नसताना निव्वळ शुद्ध जाण्याचं कारण तिथे क्वचित सापडतं. डोक्याला मार लागलाय आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत, उलट्या होतायत, डोकं ठणकतंय, तर सीटी स्कॅन लागतोच, पण तो मार बघण्यासाठी. आम्ही तेवढे पैसे वाचवले आणि ते पुढे कामी आले. आयसीयू, इको आणि रक्ततपासण्या मिळून २४ हजारांच्या आसपास खर्च झाला.

मॉनिटरवर दोन रात्रीत काहीच आलं नाही. त्या वेळी घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, "चला, सगळं नॉर्मल आहे." मला सर्वांत जास्त काळजी त्याच क्षणी वाटली. महिन्या-दीड महिन्याने होणारी गडबड दोन दिवसांत पकडली जाईल अशी आशाच चुकीची. ज्या क्षणी शुद्ध गेली त्या क्षणाची पट्टी हातात आल्याशिवाय, किंवा हृदयातल्या विजेच्या वाटा किती धड आहेत ते थेट मोजल्याशिवाय हा विषय मिटत नाही. "नॉर्मल" लिहिलेला कागद घेऊन घरी बसणारी खूप कुटुंबं मी पाहिली आहेत.

मिरजेतल्या हृदयतज्ज्ञांनी पुढचे रस्ते समजावले. एक, छातीच्या कातडीखाली बसवायचं छोटं नोंदयंत्र, लूप रेकॉर्डर. ते तीनेक वर्षं नोंद घेतं, पण महाग, आणि त्यात पुन्हा शुद्ध जाण्याची वाट बघावी लागते. दोन, ईपी स्टडी: मांडीच्या शिरेतून तारा आत नेऊन संदेश खाली पोचायला किती वेळ लागतो ते मोजायचं. ७४ वर्षांच्या माणसाने पुन्हा पडून खुबा मोडायची वाट बघण्यापेक्षा आधी मोजावं, असं त्यांचं मत होतं. आम्हाला ते पटलं. ही तपासणी करणारे डॉक्टर ठरावीक दिवशीच बाहेरून येतात, म्हणून तारीख मिळाली ७ ऑक्टोबरची.

मधले दिवस वाया जाऊ नयेत म्हणून २४ सप्टेंबरला होल्टर लावला, २,८०० रुपये. त्यात २४ तास ईसीजीची नोंद होते. आधी अंघोळ उरकून घ्यावी, कारण नंतर छाती भिजवता येत नाही. छातीला तेल-पावडर लावायची नाही, केस असतील तर काढावे लागतात, पुढून बटणं असलेला सैल सदरा घालावा. सोबत वही देतात. तिच्यात किती वाजता जेवण, किती वाजता चालणं, किती वाजता काही जाणवलं हे लिहायचं. घड्याळ यंत्राच्या वेळेशी जुळवून घ्या, नाहीतर नोंद आणि पट्टी जुळत नाही. आणि मुख्य म्हणजे माणसाला झोपवून ठेवू नका, रोजचं फिरणं चालू द्या. अण्णांच्या रिपोर्टमध्ये रात्रीचा सर्वांत कमी वेग ४६ आणि चार-दोन जादा ठोके. झोपेत एवढा वेग चालतो.

तारखेपर्यंतचे दिवस कठीण होते. विहिरीकडे एकटं जायचं नाही, शिडी नाही, दुचाकी नाही, संडास-बाथरूमला आतून कडी नाही. घरात दिवसभर कुणीतरी नजर ठेवून. अण्णा चिडायचे. छाटणी तोंडावर आलेली आणि बागेचा मालक ओसरीवर.

याच काळात कार्डाचं काम उरकलं. ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. २९ ऑक्टोबर २०२४ ला हे सुरू झालं, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे दाखल होऊन घेतलेले उपचार त्यात बसतात. वय आधारवरचंच धरतात, म्हणून जन्मतारीख आधी तपासा. शेतात राबलेल्या हातांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत. अण्णांचे चारही बोटांचे प्रयत्न फसले. मग आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी घेऊन काम झालं. नंबर जोडलेला नसेल तर ते आधी करून घ्या, त्यात दिवस जातात. डोळ्यांनी किंवा चेहऱ्यानेही ओळख पटवता येते. रुग्णालय योजनेत आहे का आणि त्यातही हृदयविभाग आहे का, हे दाखल होण्याआधी आरोग्यमित्राला (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस) विचारा किंवा १४५५५ ला फोन करा. ओपीडीतल्या तपासण्या, होल्टर यांचे पैसे आपल्यालाच भरावे लागतात.

७ ऑक्टोबर. सहा तास उपाशीपोटी. उजव्या जांघेत भूल देऊन तारा घातल्या, माणूस जागा असतो. तासाभरात बाहेर. नंतर तो पाय काही तास न वाकवता पडून राहायचं, म्हणून लघवीचं भांडं आधीच जवळ ठेवा, प्रोस्टेट वाढलेल्यांना झोपून लघवी करायला त्रास होतो. रिपोर्टमध्ये बघायचा आकडा एचव्ही, म्हणजे संदेश खालच्या कप्प्यांत पोचायला लागणारा वेळ. तो साधारण ३५ ते ५५ मिलिसेकंद असतो. शुद्ध हरपलेल्या आणि असा ब्लॉक असलेल्या माणसात ७० किंवा त्याहून जास्त आला, तर युरोपियन हृदयरोग संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना पेसमेकर सांगतात. अण्णांचा ८२ आला. तिसरी वाटही जीर्ण झालेली होती. हा आकडा साधा आला असता तरी विषय संपला नसता, तेव्हा लूप रेकॉर्डर लागला असता. ईपी स्टडीला ३० हजार खर्च आला.

कारण सापडल्याचं समाधान आणि आता पेसमेकर म्हणून धास्ती, दोन्ही एकदम. अण्णांचा एकच प्रश्न, "थेंबांमुळेच झालं असेल, ते तर बदलले ना?" डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की थेंबांनी भर घातली असेल, पण हृदयातल्या विजेच्या वाटा थेंबांनी जीर्ण होत नाहीत.

योजनेच्या मंजुरीत एक शंका काढली गेली: कोणत्या पुराव्यावर पेसमेकर? ईसीजीची मूळ पट्टी, ईपीचा आलेख, इको आणि दोन्ही वेळच्या पडण्याची नोंद जोडली, तेव्हा मंजुरी आली. ईसीजीचा कागद उष्णतेने आणि उजेडाने पुसट होतो, म्हणून पहिल्या दिवशीच झेरॉक्स आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. त्यावर नाव, तारीख, वेळ दिसली पाहिजे.

१३ ऑक्टोबरला पेसमेकर बसला. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, तेवढ्याच जागेची भूल, दोन तारांचा. वरच्या कप्प्याचा ठोका नीट असेल तर दोन तारा बसवतात, वरचा कप्पा कायमचा अनियमित असेल तर बहुधा एक. दुसऱ्या दिवशी छातीचा एक्स-रे काढला, तार जागेवर आहे ना आणि फुप्फुसाला इजा नाही ना हे बघायला. १५ तारखेला घरी. टाके भाऊबीज झाल्यावर काढले.

आता आमच्या भागासाठी महत्त्वाचं. पहिले सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, कारण तार सरकू शकते. द्राक्षाची छाटणी, विरळणी, घड बांधणं ही सगळी कामं हात वर करूनच होतात. अण्णांनी बागेत खुर्ची टाकून बसायचं आणि सांगायचं, एवढंच ठरलं. पण हात अजिबात न हलवता गळ्यात अडकवूनही ठेवायचा नाही, खांदा आखडतो. खांद्याच्या खाली जेवण, सदरा घालणं, पेपर उचलणं चालू ठेवायचं. जड घमेलं, पाण्याची बादली नको. जागा लाल होणं, सुजणं, पाणी येणं, ताप, सतत उचकी, किंवा पुन्हा अंधारी आली तर लगेच रुग्णालय गाठायचं. सूज दिसली म्हणून कुणालाही तिथे सुई टोचू द्यायची नाही, जंतू आत जातात.

मोबाईल डाव्या खिशात नको, यंत्रापासून निदान १५ सेंटिमीटर लांब हवा, बोलताना उजवा कान. टीव्ही, मिक्सर, गिरणी चालते. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट लांब राहायचं. वेल्डिंगच्या जवळ जाण्याआधी आणि एमआरआय काढण्याआधी पेसमेकरचं कार्ड दाखवून विचारायचं. कार्डाची झेरॉक्स अण्णांच्या बंडीच्या खिशात असते, मूळ कार्ड घरी.

२६ नोव्हेंबरला यंत्राची पहिली तपासणी झाली. छातीवर चकती ठेवून आतली नोंद वाचतात, दुखत नाही. या सहा आठवड्यांत खालच्या कप्प्याच्या दर शंभर ठोक्यांमागे २१ ठोके यंत्राने दिले होते. दुसऱ्या दिवसापासून हात वर करायची परवानगी मिळाली. शुद्ध पुन्हा गेलेली नाही. प्रोस्टेटच्या गोळीमुळे पहाटे उठताना मात्र अजून थोडी अंधारी येते. पेसमेकर ठोके सांभाळतो, रक्तदाब नाही. म्हणून उठण्याआधी दोन मिनिटं पलंगाच्या कडेला पाय सोडून बसणं चालूच आहे. पुढची तपासणी मे महिन्यात. त्या वेळी बॅटरी किती उरलीय ते विचारायचं वहीत लिहून ठेवलंय.